तागडी, टोपली आणि ढकलगाडी

चार-पाच महिने इथे काही लिहिलं नाही म्हणून दोघातिघांनी फोन करून चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी. लेकीकडे अमेरिकेत होते आणि तिथे नातवंडं मला कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत, एवढंच कारण.

परत आल्यापासून एक गोष्ट सांगायची म्हणून मनात घोळते आहे. तिथल्या एका दुकानात एका ढकलगाडीने चारचौघांत माझा अपमान केला. हसू नका. सविस्तर सांगते. पण मी पडले इतिहासाची बाई, त्यामुळे मला कुठलीच गोष्ट मुळापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या विद्यार्थिनींना हे माहीत आहे. बाकीच्यांनी कंटाळा आला तर मधलं गाळावं. परीक्षेला काही येणार नाही.

तर झालं असं. शनिवारी सकाळी लेकीबरोबर वाणसामान आणायला गेले. दुकान नेहमीचंच, पण दाराशी नव्या गाड्यांची रांग. आपल्याकडे मॉलमध्ये ज्याला ट्रॉली म्हणतात, तीच. फरक इतका की हिला दांडीपाशी एक पडदा होता, मोठ्या मोबाईलएवढा, आणि कडेला बारीक कॅमेरे. लेकीने फोन त्या पडद्यासमोर धरला आणि गाडी जागी झाली. वस्तू उचलायची, गाडीला दाखवायची, आत ठेवायची. पडद्यावर नाव, किंमत आणि खाली आतापर्यंतची बेरीज. परत जाताना रांगेत उभं राहायचं नाही, पैसे लेकीच्या खात्यातून आपोआप वळते. "आई, तू ढकल आज," लेक म्हणाली. मीही हौसेने ढकलू लागले.

दुधापर्यंत छान चाललं. मग खांदा दुखायला लागला म्हणून मी माझी पर्स काढून गाडीत ठेवली. झालं! गाडी ओरडायला लागली. पडदा लाल, त्यावर इंग्रजीत काहीतरी. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. इंग्रजी वाचता येतं मला, पण कोणी पाठीशी उभं असलं की अक्षरं पळायला लागतात. लेक दोन ओळी पलीकडे धणे-जिरे शोधत होती. मागे तीन-चार माणसं खोळंबली. एक ऍप्रनवाला मुलगा आला, हसतमुख, नातवाच्या वयाचा. त्याने पर्स उचलून माझ्या हातात दिली, पडद्यावर दोन टिचक्या मारल्या, काहीतरी गोड बोलला आणि गेला. कोणी रागावलं नाही. कोणी काही म्हणालंसुद्धा नाही. पण माझे कान तापले. म्हणजे अक्षरशः पाळ्यांपर्यंत गरम झाले.

लेकीने नंतर समजावलं. गाडीच्या तळाशी वजनकाटा आहे. न दाखवता काही आत पडलं तर वजन वाढतं आणि गाडीला वाटतं, हिने काहीतरी तसंच घातलं. "तसंच घातलं" म्हणजे काय ते तिने स्पष्ट म्हटलं नाही. मला कळलं.

असे कान तापल्याचं मला दुसरं एकच आठवतं. साल १९६१. मी अकरा वर्षांची. कऱ्हाडला आमच्या आळीच्या तोंडाशी वाण्याचं दुकान होतं. आई कागदाच्या चिठोऱ्यावर यादी लिहून द्यायची, ती आणि उधारीची वही घेऊन मी जायची. उंच फळीमागे वाणी बसलेला, मागे पोती, डबे, तेलाचा पिंप. आपण फळीच्या अलीकडे. एकाही वस्तूला हात लावायचा नाही. तो मागायचं ते काढणार, तागडीत घालणार, रद्दीच्या कागदाची पुडी बांधून वरून सुताचा दोरा गुंडाळणार. त्या सुमारास शेर जाऊन किलो येत होता. षटकोनी नवी वजनं तागडीशेजारी मांडलेली असत आणि म्हाताऱ्या बायका त्यांच्याकडे संशयाने बघत. आईची मला ताकीद होती, बाकी कुठे बघू नको, काट्यावर नजर ठेव. मी ठेवायची. तो खुशीत असला तर झुकतं माप द्यायचा आणि वर गुळाचा खडा.

त्या दिवशी खुशीत नव्हता. वही उघडली, पानं चाळली आणि मोठ्याने म्हणाला, "आईला सांग, अठ्ठावीस रुपये झालेत. आधी ते आण, मग डाळ." दुकानात आमच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या, समोरच्या वाड्यातल्या काकू होत्या. वडिलांचा पगार दोन महिने अडकला होता, त्यात त्याचा काय दोष? त्यालाही पेठेत पैसे भरायचे असणार. हे आज कळतं. तेव्हा मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले आणि आईला खोटंच सांगितलं की दुकान बंद आहे.

म्हणून "पूर्वीचा वाणी कसा घरच्यासारखा होता" असं कोणी म्हणायला लागलं की मी गप्प बसते. घरच्यासारखा होता खरा. घरचं सगळं त्याला माहीत होतं!

आता मेम्फिसला जाऊ. अमेरिकेत, टेनेसी राज्यात, मिसिसिपी नदीकाठी हे शहर आहे. १९१६ पर्यंत अमेरिकेतलं किराणा दुकान आणि आमच्या आळीतलं दुकान यांत फारसा फरक नव्हता, हे वाचून मला फार गंमत वाटली. तीच फळी, तेच फळीमागचे नोकर, पिंपांतून आणि पोत्यांतून मोजून द्यायचा माल, तीच उधारी. शिवाय घरपोच सामान. पोरगा घोडागाडीतून आणून द्यायचा, आणि बड्या घरच्या बायका यादी फोनवरून सांगायच्या. हे सगळं अर्थातच मालाच्या किमतीत धरलेलं असे. नोकराचा पगार, घोड्याचा चारा, बुडालेली उधारी, सगळं. उधारी आणि घरपोच बंद करून माल स्वस्त द्यायचा प्रयोग ए अँड पी नावाच्या मोठ्या दुकानसाखळीने १९१२ मध्ये सुरू केला होता. पण फळी आणि फळीमागचा माणूस तसाच होता.

तो माणूस हटवला क्लॅरेन्स सॉन्डर्सने. हा १८८१ साली व्हर्जिनियात जन्मला, गरिबाघरचा, लहानपणापासून किराणा दुकानात राबलेला आणि पुढे घाऊक मालाचा फिरता विक्रेता झालेला. दुकानदारांकडे जाऊन जाऊन त्याने पाहिलं की गर्दीच्या वेळी नोकर पुरत नाहीत आणि एरवी तेच नोकर माशा मारत बसतात. ६ सप्टेंबर १९१६ रोजी त्याने मेम्फिसच्या जेफरसन अव्हेन्यूवर दुकान उघडलं आणि त्याला नाव दिलं पिगली विगली. असलं बाष्कळ नाव का ठेवलं, असं लोक विचारत. त्यावर त्याचं उत्तर, तुम्ही हे विचारावं म्हणूनच!

दुकानात शिरायला फिरतं फाटक. हातात एक टोपली. पुढे वाट एकच, नागमोडी, सगळ्या फळ्यांवरून फिरवून आणणारी. देवळातल्या प्रदक्षिणेसारखी समजा, मध्येच सोडून निघता येत नाही. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. आपल्या हाताने उचला, शेवटी एकाच माणसापाशी रोख पैसे द्या आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर पडा. या मांडणीचं त्याने पेटंट घेतलं. ते ऑक्टोबर १९१७ मध्ये मिळालं, त्यात या दुकानाचं वर्णन स्वतःच स्वतःला वाढून घ्यायचं दुकान अशा अर्थाचं आहे. पंगतीतून बुफेत, म्हणा ना.

लोकांना हे आवडलं, आणि का आवडलं असेल हे मला त्या अठ्ठावीस रुपयांमुळे समजतं. कुणाला मागायचं नाही. स्वस्तातला साबण उचलला तर कोणी वर-खाली बघत नाही. हातात घेऊन, उलटून पालटून, परत ठेवता येतं. गरिबाला ही केवढी मोकळीक आहे, ते ज्याने कधी फळीपलीकडच्या माणसाचा चेहरा वाचत सामान मागितलंय त्यालाच कळेल. पण त्याच दिवसापासून तिथे फाटक आलं, एकदिशा वाट आली, निघताना तपासून घेणारा माणूस आला, हेही विसरू नये. माल उघडा ठेवला तसा गिऱ्हाइकावरचा विश्वास मात्र कुलुपात गेला.

दुसरा एक बदल हळूच झाला. नोकर "हा चहा घ्या, चांगला आहे" म्हणायचा, तो बंद झाला. मग ते काम डब्यांवर आलं. चित्रं, रंग, ठळक नावं. डबाच बोलायला लागला. सुटा माल मागे पडून सगळं पाकिटबंद होत गेलं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

सॉन्डर्सचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ती वेगळीच कादंबरी आहे. सहा-सात वर्षांत बाराशेच्या आसपास दुकानं झाली. त्याने मेम्फिसमध्ये गुलाबी संगमरवराचा महाल बांधायला घेतला. १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काही दलालांनी त्याच्या कंपनीचा भाव पाडायचा घाट घातला. हा इरेला पेटला, कर्ज काढून जवळजवळ सगळे शेअर आपल्याच हातात गोळा केले आणि दलालांना कोंडीत पकडलं. पण शेअरबाजाराने व्यवहार थांबवून दलालांना मुदत वाढवून दिली, कर्जाचा बोजा याच्या डोक्यावर, आणि दुकानं, महाल, सगळं गेलं. तो महाल पुढे शहराचं संग्रहालय झाला. दुकानांची साखळी आजही आहे, तिच्यात त्याचा वाटा मात्र त्या वर्षीच संपला.

आता येते १९३७. इतिहास शिकवताना एखाद्या सालावर थांबायला मला फार आवडायचं. "मुलींनो, या सालाखाली रेघ मारा." तशी इथे मारा. कारण या एकाच वर्षी अमेरिकेतल्या दोन शहरांत दोन माणसांनी एकाच प्रश्नाची दोन उलटी उत्तरं दिली.

पहिला आपला सॉन्डर्सच. दोनदा बुडून तिसऱ्यांदा उभा राहिलेला. त्याने मेम्फिसमध्ये कीडूझल नावाचं दुकान काढलं. नावात कोडं आहे, किल्लीच सगळं करते असा अर्थ. दुकानात वस्तूंचे नुसते नमुने, काचेमागे, प्रत्येकी एक. दारात गिऱ्हाइकाला एक किल्ली मिळायची. हवी असलेल्या वस्तूशेजारच्या भोकात किल्ली घालायची की नोंद व्हायची. शेवटी पैसे देताना ती नोंद यंत्राला द्यायची, आणि मागच्या कोठारातून माल सरकत्या पट्ट्यावरून घरंगळत समोर यायचा. गिऱ्हाइकाने वजन उचलायचंच नाही! १९३७ साली, विजेच्या तारा आणि चाकांवर, हे सगळं. मला तर हा माणूस काळाच्या पन्नास वर्षं पुढे वाटतो. पण गर्दी झाली की यंत्र गोंधळायचं, एकाचा माल दुसऱ्याच्या पट्ट्यावर यायचा, दुरुस्तीचा खर्च परवडायचा नाही. त्याने पुन्हा पुन्हा सुधारून उघडलं. १९४९ पर्यंत तो नाद संपला.

दुसरा सिल्व्हन गोल्डमन, ओक्लाहोमा सिटीत. याच्याकडे हम्टी डम्टी नावाची दुकानं होती आणि गंमत म्हणजे तिथली पिगली विगलीची दुकानंही त्यानेच घेतलेली होती. (किराणा दुकानांना अंगाईगीतातली नावं द्यायची ही त्या लोकांची खोड मला अजून उमगलेली नाही.) म्हणजे सॉन्डर्सच्याच कल्पनेचा हा वारसदार. त्याने एक साधी गोष्ट पाहिली. बाई दुकानात टोपली घेऊन हिंडते, आणि टोपली जड झाली की खरेदी थांबवते. पैसे संपलेले नसतात, यादी संपलेली नसते. हात भरून येतो.

१९३६ मधल्या एका रात्री ऑफिसात बसला असताना त्याचं लक्ष घडीच्या खुर्चीकडे गेलं. बसायच्या जागी टोपली ठेवली, खाली आणखी एक टोपली, पायांना चाकं लावली, तर? त्याच्याकडच्या फ्रेड यंग नावाच्या कारागिराबरोबर त्याने खटपट करून ती गाडी बनवली. ४ जून १९३७ रोजी दुकानात ठेवली, वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि वाट बघत बसला.

कोणी हात लावेना! तरुण बायकांना ती बाबागाडी वाटली, घरी मुलाची गाडी ढकलून जीव मेटाकुटीला आलेला, आता इथेही? पुरुषांना वाटलं, एवढीशी टोपली उचलायची ताकद आपल्यात नाही असं लोक म्हणतील. तेवढे म्हातारेकोतारेच ती वापरायला तयार झाले. (आमच्या पिढीला नवं काही जमत नाही म्हणणाऱ्या नातवंडांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) शेवटी गोल्डमनने काय करावं? त्याने पगारी गिऱ्हाइकं ठेवली. तरुण, मध्यमवयीन, वयस्कर, बायका आणि पुरुष. त्यांचं काम एकच, दाराशी गाडी घेऊन खोटी खोटी खरेदी करत फिरायचं. आत येणाऱ्याला दारातली मुलगी गाडी पुढे करायची आणि म्हणायची, बघा, सगळे वापरतायत. आपल्या जत्रेत औषधवाल्याचा एक माणूस गर्दीत उभा राहून "मला गुण आला" म्हणतो ना, तसंच हे. थोड्याच दिवसांत गाड्यांची चणचण भासायला लागली.

पुढे कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने १९४६ मध्ये एकीत एक शिरणाऱ्या गाड्या काढल्या. मागची बाजू बिजागरीवर वर उचलली जाते, ती युक्ती त्याची. त्यामुळे घडी करायची गरज उरली नाही, आणि घडी नको म्हटल्यावर गाडीने मोठं व्हायला काय हरकत? मुलाला बसवायची जागाही त्याच सुमारास आली. आज तिकडे ज्या गाड्या दिसतात त्यांत माझ्यासारख्या दोन म्हाताऱ्या पाय पसरून बसतील.

माझा मुद्दा १९३७ चा आहे. सॉन्डर्सचं यंत्र गिऱ्हाइकाचे कष्ट वाचवत होतं आणि त्यासाठी दुकानदाराला खर्च होता. गोल्डमनची गाडी गिऱ्हाइकाला हलकं वाटू देऊन काम त्याच्याकडूनच करून घेत होती. बुडाला सॉन्डर्स आणि तरला गोल्डमन. त्याच्या गाडीला ना वीज लागत होती ना मेकॅनिक, आणि ढकलणाऱ्याला पगार द्यावा लागत नव्हता, उलट तोच पैसे देऊन जात होता! तिच्यामुळे हाताने "पुरे" म्हणायचं बंद झालं, हे माझ्या मते जास्त मोठं. आईच्या दोन पिशव्यांत जेवढं मावेल तेवढंच आमच्या घरी यायचं. फ्रीजही नव्हता, ही गोष्ट वेगळी.

किमतींवरच्या त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचीही एक छान गोष्ट आहे. जोसेफ वुडलंड नावाच्या तरुणाने १९४९ मध्ये मायामीच्या समुद्रकिनारी बसल्या बसल्या वाळूत बोटं ओढली. मोर्स लिपीचे ठिपके आणि रेघा त्याला येत होत्या, त्याच त्याने खाली लांबवल्या, तर जाड-बारीक पट्ट्या झाल्या. त्याला आणि त्याचा मित्र बर्नार्ड सिल्व्हर याला १९५२ मध्ये पेटंट मिळालं. पण पट्ट्या वाचणारं यंत्र नीट तयार व्हायला वीस वर्षं गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंग गमचं ६७ सेंटचं पाकीट हे अशा रीतीने विकली गेलेली पहिली वस्तू. आपल्याकडे त्या महिन्यात महागाईने लोक हैराण झाले होते, मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि गोडेतेलासाठी रांगेत उभी राहत होते.

पट्ट्या आल्यावर किंमत यंत्राला कळू लागली, आणि मग गाडीलाच यंत्र जोडायची स्वप्नं सुरू झाली. १९९० च्या सुमारास शिकागोच्या एका कंपनीने गाडीच्या दांडीवर पडदे बसवले होते. साबणाच्या फळीजवळून गेलं की साबणाची जाहिरात! ते फार टिकलं नाही. मग जानेवारी २०१८ मध्ये अमेझॉनने सिएटलला असं दुकान उघडलं की तिथे पैसे द्यायला थांबायचंच नाही. छतावरचे कॅमेरे बघत राहणार, तुम्ही उचला आणि निघा. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच कंपनीने कॅमेरे आणि वजनकाटा असलेली ढकलगाडी आणली. २०२१ मध्ये इन्स्टाकार्ट या घरपोच सामानवाल्या कंपनीने अशाच गाड्या बनवणारी केपर नावाची छोटी कंपनी पस्तीस कोटी डॉलरला विकत घेतली. आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेझॉनने जाहीर केलं की आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून छतावरच्या कॅमेऱ्यांची पद्धत काढून गाड्यांवर भर देणार. का, तर लोकांना खरेदी करता करता बेरीज दिसायला हवी होती.

त्याच वेळी वर्तमानपत्रांत असंही आलं की त्या "माणूस नसलेल्या" दुकानांच्या चित्रफिती भारतात बसलेली बरीच माणसं तपासत होती. कंपनीचं म्हणणं, ती माणसं मुख्यतः यंत्राला शिकवायचं काम करत होती आणि शंका आली तर थोड्याच खरेद्या तपासत. असेल तसंही. मला मात्र ते वाचून हैदराबाद किंवा बंगळूरच्या कुठल्याशा ऑफिसात बसलेला आमच्या आळीतला वाणी दिसला. सिएटलच्या बाईने दह्याचे डबे दोन उचलले की तीन, ते डोळ्यांत तेल घालून मोजणारा.

सॉन्डर्स राहिलाच. कीडूझल बुडाल्यावरही तो स्वस्थ बसला नाही. फूडइलेक्ट्रिक नावाच्या दुकानाची आखणी करत होता, पहिल्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. त्यात गिऱ्हाईक स्वतः माल घेणार, स्वतः बांधणार आणि स्वतःच स्वतःचा हिशेबनीस होणार. ते दुकान उघडलं नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये तो गेला. मी ज्या गाडीवर ओरडा खाल्ला ती त्याच्या शेवटच्या स्वप्नाच्या बरीच जवळची आहे, असं मला वाटतं. फक्त त्याने आखलेली गोष्ट गोल्डमनच्या चाकांवर बसून आली.

आता त्या गाडीबद्दल दोन शब्द, कारण तिच्यावर अन्याय व्हायला नको. ती बेरीज मला आवडली. मनापासून आवडली. आई बोटांच्या पेरांवर हिशेब करायची आणि वाण्याने सांगितलेला आकडा तिच्या आकड्याशी जुळला नाही असं फार क्वचित झालं असेल. माझं ते कौशल्य मॉलमधल्या थंड हवेत कधी गेलं ते कळलंच नाही. बिल हातात आलं की धक्का बसायचा आणि मागे रांग असल्याने एकही वस्तू परत ठेवायची सोय नसायची. त्या दिवशी पडद्यावरचा आकडा चढताना पाहून मी बदामाचं पाकीट उचललं आणि निमूट परत फळीवर ठेवलं. कोणी काही बोललं नाही. तो पडदा माझ्याकडेच तोंड करून होता, दुकानाकडे नव्हे. १९६१ साली असा पडदा असता तर अठ्ठावीस रुपये मला एकटीलाच दिसले असते.

पण पडद्याखालचा तो वजनकाटा... तेव्हा तागडीवर आमची नजर असायची. आता तागडीची आमच्यावर. वाण्याने मापात मारलं की काय ही शंका आम्ही घ्यायचो, आणि ती घ्यायला आईने मला शिकवलं होतं. आता शंका घ्यायचं काम त्या काट्याने उचललंय. लेक म्हणते, "आई, तू फार मनाला लावून घेतेस. चोऱ्या होतात म्हणून ठेवलंय, तुझ्यासाठी नाही." खरंय तिचं. वाणीही माझ्यासाठी थोडाच ओरडला होता? तो बाकीसाठी ओरडला होता.

नंतरच्या शनिवारी मी गाडी घेतली नाही. दाराशी कोपऱ्यात हातात धरायच्या प्लॅस्टिकच्या टोपल्या होत्या, तिथे अजून ठेवतात, त्यातली एक घेतली. लेक गाडी ढकलत पुढे. कोथिंबीर, दही, केळी, नातवाची बिस्किटं आणि एक कलिंगड घ्यायचं होतं. कलिंगडापाशी माझा हात भरून आला. ते लेकीने गाडीत घातलं.

आता एक काम. सांगलीच्या दादाने हा लेख वाचला असेल तर (आणि वाचला नसेल तर वहिनींनी वाचून दाखवावा) आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी उधारीच्या दोन-तीन वह्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या. कऱ्हाडचं घर सोडताना त्या ट्रंकेतून बाहेर काढल्याचं मला आठवत नाही. १९६१ ची सापडली तर पावसाळ्यातल्या महिन्यांचे फोटो काढून पाठव. ती बाकी आईने कधी आणि कशी फेडली, एकदम की दोन-दोन रुपयांनी, ते मला बघायचं आहे. मी तिला कधी विचारलं नाही. दुकान बंद होतं असं सांगितल्यावर विचारणार तरी कसं?